सातव्या थरातली मूठ

तीस वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर मला कॅनडात, मिल्टनमधल्या एका बेसमेंटमध्ये सापडलं. फेब्रुवारीतला शनिवार होता. ड्राइव्हवेच्या दोन्ही बाजूंना शोव्हल करून टाकलेल्या बर्फाचे कमरेएवढे ढीग होते आणि आत हीटरची घुरघुर चालू होती. समोर टेबलावर लाल कापडी पुठ्ठ्याची नोंदवही उघडी होती. अनुक्रमांक, चर, थर, वर्णन असे रकाने. 'खापर, तांबडे, काठाचे.' 'खापर, काळे, तळाचे.' अशा शेकडो ओळी. प्रत्येक 'ख'चं शेपूट जरा जास्तच वळवलेलं. सतराव्या वर्षी मला ते फार ऐटदार वाटायचं.

वही सरांची. ते उत्खननाचे प्रमुख होते आणि आता चौऱ्याऐंशी वर्षांचे होऊन आपल्या मुलीकडे, वृंदाकडे, राहायला आले होते. मिल्टनच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वृंदाचा मेसेज आला होता. 'माझे बाबा रिटायर्ड आर्किऑलॉजिस्ट आहेत. त्यांचा एक जुना रिपोर्ट मराठीत टाइप करायचाय. वीकेंडला कोणी हेल्प करू शकेल का?' खाली रिपोर्टचं नाव होतं आणि त्यात एका गावाचं नाव होतं. मराठवाड्यातलं, नदीकाठचं, माझं गाव. मी लगेच 'येते' असं लिहून टाकलं. दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

सरांना आता समोरचं धड दिसत नव्हतं. नजरेच्या मधोमध डाग आणि कडेनं थोडं उजेडाचं, असं ते सांगत. त्यांनी मान वाकडी करून मला कडेच्या नजरेनं पाहिलं.

"मास्तरांची मुलगी ना तू? वहीवाली?"

"हो, सर."

"जाड झालीस."

"झाले, सर."

"बरं झालं. तेव्हा वाऱ्यानं उडशील असं वाटायचं. बस. कुठवर शिकलीस? इकडे काय करतेस?"

व्हॉनला एका वेअरहाउसमध्ये इन्व्हेंटरी बघते, असं मी सांगितलं. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. कुठला माल कुठल्या रॅकवर आहे, ते कागदावर आणि रॅकवर सारखंच आहे ना, हे बघायचं. सरांना ते फार आवडलं. "म्हणजे तेच काम करतेस की," असं म्हणून ते हसले. मी हसले नाही. मला तेव्हाच कळलं होतं की आपण पुढे कुठल्या पानापर्यंत येणार आहोत.

आमच्या गावाबाहेर पांढर होती. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. त्याची माती राखाडी-पांढरी, चाळल्यासारखी मऊ. गावातली निम्मी धाबी, म्हणजे घरांची सपाट छपरं, त्या मातीची होती. दर उन्हाळ्यात बायका टोपल्या घेऊन जायच्या, माती आणायच्या, धाब्यावर टाकून चोपायच्या, आणि त्या मातीतून मणी निघायचे, बांगड्यांचे तुकडे निघायचे, कधी मातीची बोटभर बाई निघायची. मुली मणी ओवून गळ्यात घालायच्या. दोन हजार वर्षांपूर्वीचे मणी आहेत, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी कुणी काढून ठेवले नसते.

सर आले ते हिवाळ्यात, जीप, तंबू आणि पुण्याचे आठ विद्यार्थी घेऊन. त्यांनी पांढरीवर दोऱ्या बांधून चौकोन आखले, नारळ फोडला, आणि माती न्यायला बंदी केली. आठवडाभर गावात त्यांच्या नावानं बोटं मोडली गेली. मग त्यांनी निम्म्या गावाला रोजानं कामावर घेतलं आणि बोटं मोडणं थांबलं. पुरुष चरात खणायचे, बायकांची रांग टोपल्यांनी माती बाहेर काढायची. कुदळीचा आवाज लांबून येत नसे, कारण माती मऊ; यायचा तो बायकांच्या बोलण्याचा आवाज, दिवसभर, ओढ्याच्या पाण्यासारखा.

शिबिराच्या मागे सारवलेलं अंगण होतं. तिथे खापरांचं काम चाले. प्रत्येक थरातून निघालेली खापरं वेगळ्या पिशवीत यायची, बादलीत धुतली जायची आणि अंगणात आखलेल्या चौकोनात वाळत पडायची. प्रत्येक चौकोनात दगडाखाली कागदाची चिठ्ठी: चर अमुक, थर तमुक. वाळल्यावर प्रत्येक खापरीवर टाकानं, काळ्या शाईनं बारीक आकडे घालायचे आणि वरून बिनरंगी नेलपॉलिशचा हात फिरवायचा, म्हणजे आकडा पुसत नाही. नेलपॉलिशच्या बाटल्या सरांनी डझनानं आणल्या होत्या. त्यावरून बायका त्यांच्या माघारी जे बोलायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आकडे घालायचं आणि वहीत नोंदी करायचं काम माझं. माझी बारावी नुकतीच झाली होती, अक्षर चांगलं होतं आणि वडील गावातले मास्तर होते. धुण्याचं काम कोंडामावशींचं.

कोंडामावशींचं वय तेव्हा पन्नासच्या आसपास असेल. कपाळावर गोंदण, डाव्या हाताच्या करंगळीचं पेर तुटलेलं. त्या बादलीपुढे उकिडव्या बसायच्या आणि काथ्याच्या कुंच्यानं खापर घासायच्या, बाळाची टाळू धुवावी इतक्या बेतानं. धुऊन झालेलं प्रत्येक खापर एकदा नाकाशी न्यायच्या. मी विचारलं होतं, का हुंगता म्हणून.

"सवय. लुगडं घेताना न्हाई का आपण हात लावून बघत?"

पण सवय नव्हती. खापर कुठल्या थराचं ते त्या वासावरून ओळखायच्या, आणि बादलीतलं पाणीही बघायच्या. वरच्या थरांची खापरं धुतली की पाणी तांबूस व्हायचं. चौथ्या थराची धुतली की पिवळं, हळदीचा हात धुतल्यासारखं. सातवा थर राखेचा, तिथे कधीतरी मोठी आग लागलेली. त्याची खापरं धुतली की पाणी शाईसारखं काळं, आणि मावशींचे हात कोपरापर्यंत काळे. पिशवी बदलली की पाणी बदलायचं, हा सरांचा नियम होता. मावशी त्याच्या पुढे जाऊन प्रत्येक बादली एकाच जागी, लिंबाच्या आळ्यात ओतायच्या. आळ्यात रंगांचे पट्टे दिसायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण अंगणातल्या कुठल्याही चौकोनाकडे बोट दाखवलं तर 'ही पिवळ्यातली', 'ही काळ्यातली' असं न चुकता सांगायच्या.

ओल्या खापराचा वास मला अजून कुठेही ओळखता येईल. पहिल्या पावसाचा वगैरे म्हणतात तसा नाही. त्याहून जुना, तळघरासारखा, थोडा धातूचा.

मार्चभर मी दर शनिवारी जात राहिले. सर सांगत, मी टाइप करी. वृंदा वरून चहा आणून देई. "ताई, बाबांना जरा ब्रेक घ्यायला सांगा, माझं ऐकत नाहीत," असं म्हणे, आणि सर तिचंही ऐकत नसत, माझंही. नात अनन्या, बारा वर्षांची, सोफ्यावर लोळून फोन बघे. सर तिला मुद्दाम मराठीत प्रश्न विचारत.

"अनन्या, रोम इथून लांब की पुण्याहून?"

"आजोबा, आय हॅव होमवर्क."

रिपोर्ट मेमध्ये पुण्याला छापायला जायचा होता. तीस वर्षं रखडलेला. त्या सगळ्या वर्षांत सरांना लोकांनी एकच गोष्ट विचारली होती: रिपोर्ट कधी? आणि एकाच गोष्टीवरून त्यांची चेष्टा केली होती, ती म्हणजे सातव्या थरातली मूठ.

ही मूठ म्हणजे रोमन मद्यकुंभाची. दोन हातांनी उचलायचा उंच, निमुळता रांजण. त्यातून दारू जहाजानं आपल्या किनाऱ्यावर यायची आणि बैलांवरून घाट चढून आमच्या गावापर्यंत. अशा रांजणांची खापरं दख्खनेत बऱ्याच ठिकाणी मिळतात, त्यात नवल नाही. मूठ जोडदांड्यांची असते, दोन काठ्या एकमेकींना चिकटवल्यासारखी, आणि मोडलेल्या जागी काळी वाळू चमकते. ती वाळू इटलीतल्या ज्वालामुखीपाशी मिळते. नवल एवढंच होतं की आमच्याकडची मूठ सातव्या थरात निघाली होती. म्हणजे जेव्हा यायला पाहिजे त्याच्या दीड-दोनशे वर्षं आधी. सरांनी त्यावर पुढचं आयुष्य उभं केलं. निबंध वाचले, भांडणं केली. बाकीचे म्हणाले, उंदराच्या बिळातून खाली गेली असेल. सर म्हणाले, माझ्या चरात बिळं नव्हती. खरंच नव्हती.

पाचवं प्रकरण त्या मुठीचं होतं. आम्ही तिसऱ्या प्रकरणात होतो.

एका शनिवारी मी त्यांना टोरोंटोला मोठ्या म्युझियममध्ये घेऊन गेले. त्यांना रोमन रांजण बघायचा होता. रस्त्यात खांबाखांबावर देशाला दीडशे वर्षं झाल्याचे लाल झेंडे लागले होते. सरांनी ते काय म्हणून विचारलं, मी सांगितलं. "दीडशे?" ते म्हणाले. "म्हणजे आपला पहिला थर. झाडून टाकायचा."

व्हीलचेअर त्यांना नको होती, पण घेतली. रोमन दालनात काचेच्या पलीकडे अख्खा रांजण उभा होता, माझ्या खांद्याएवढा. सर मान वाकडी करून कडेच्या नजरेनं कितीतरी वेळ मुठीकडे बघत होते. मग म्हणाले, "पाटीवर काय लिहिलंय वाच." मी वाचलं. "कुठल्या थरात मिळाला?" ते लिहिलं नव्हतं. "विकत घेतलेला असणार," ते म्हणाले. "नुसता देखणा. थर नाही तर काही सांगत नाही."

परत येताना मेक्सिकोच्या बाजूच्या माया लोकांची भांडी लागली. एका उभट पेल्याच्या काठाशी चित्रांसारखी लिपी होती. सर म्हणाले, "हे लोक भांड्यावर लिहायचे, हा अमक्याचा पेला, यात कोको प्यायचा. हजार-बाराशे वर्षांनी आपण इथे उभे राहून त्या माणसाचं नाव वाचतोय." त्यांना कौतुक वाटत होतं. मी ब्रेक सोडून खुर्ची पुढे ढकलली. पार्किंगचा वेळ संपत आला होता, असं त्यांना सांगितलं. संपत आला नव्हता.

गाडीत ते झोपले. हायवेवर मी स्वतःला सांगत होते, की पुढच्या आठवड्यात. आधीच्या आठवड्यातही तेच सांगितलं होतं.

तीस वर्षांपूर्वी, शिबिरात, त्या दुपारी झालं ते एवढंच. मावशी भाकरी खायला घरी गेल्या होत्या. अंगणावर लक्ष ठेवायचं माझ्याकडे होतं. पुण्याच्या विद्यार्थिनींमध्ये एक होती, केस कापलेली, तिनं मला तंबूत बोलावलं आणि सरांच्या बाटलीतून माझ्या दहाही नखांना नेलपॉलिश लावलं. बिनरंगीच, पण चमकणारं. असं मी पहिल्यांदाच लावत होते. बोटं पसरून, फुंकर घालत बसले होते. तंबूच्या कनातीतून अंगण दिसत होतं. अंगणात शेळी शिरलेली मला दिसली. ती एका चौकोनातली चिठ्ठी खात होती. मी बसून राहिले, कारण नखं ओली होती.

उठले तेव्हा शेळीनं दोन चिठ्ठ्या खाल्ल्या होत्या आणि दोन ढिगांवरून पाय देत गेली होती. चौथा थर आणि सातवा थर, शेजारशेजारचे चौकोन. सगळं मिसळलं होतं. मावशी यायला वेळ होता. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी एक-एक खापर उचलून दिलं असतं, ही पिवळ्यातली, ही काळ्यातली. पण मग शेळी कशी आली हे सांगावं लागलं असतं, आणि नखं दाखवावी लागली असती. मी बसले आणि ढीग केले. काळपट ती सातव्यात, बाकीची चौथ्यात. एक जाड मूठ होती, जोडदांड्यांची. ती काय आहे मला ठाऊक नव्हतं. सातव्याचा ढीग लहान दिसत होता, म्हणून त्यात टाकली. नव्या चिठ्ठ्या लिहिल्या. मग टाक घेऊन आकडे घातले आणि वरून नेलपॉलिश फिरवलं.

संध्याकाळी सर नेहमीसारखे अंगणात आले. मूठ उचलली, उलटी केली, मोडलेली बाजू उन्हात धरली.

"ही सातव्यातली?"

"हो, सर."

"नक्की?"

"हो, सर."

मावशी बादली ओतत होत्या. त्या हात पुसत जवळ आल्या. "सायेब, ही काळ्यातली न्हाई. म्या धुतली न्हवं सकाळी. पाणी पिवळं झालतं."

सर माझ्याकडे बघायला लागले. काय बोलायचं ते मला शोधावं लागलं नाही. मी म्हणाले, "सर, कोंडामावशींना वाचता येत नाही."

खरं होतं ते. त्यात खोटा एक शब्दही नव्हता. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. एखादं भांडं हातात घेतल्यावर तडा दिसावा, तसं.

मूठ सापडली म्हणून त्या रात्री शिबिरात शिरा झाला. दुसऱ्या दिवशी धुण्याला दुसरी बाई आली आणि कोंडामावशी टोपलीच्या रांगेत गेल्या. चरातून वर, टेकाडावरून खाली, दिवसभर. त्यांचे गुडघे आधीच दुखायचे. येता-जाता त्या अंगणावरून जायच्या. एकदाच माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "उन्हात बसू नगंस पोरी, पाट सावलीला घे." मी पाट सावलीला घेतला. पुढचं सबंध वर्ष, मोसम संपून दुसरा सुरू होईपर्यंत, मी त्यांच्याशी बोलले नाही. मग शिकायला औरंगाबादला गेले, मग लग्न, मग पुणे, मग इकडे. नेलपॉलिश पुन्हा कधी लावलं नाही. बायका म्हणतात, तुझे हात कामाचे दिसतात. मी म्हणते, आहेतच.

एप्रिलच्या शेवटी आम्ही पाचव्या प्रकरणावर आलो. बर्फ वितळून वृंदाच्या बॅकयार्डात चिखल झाला होता. सोफ्यावर अनन्या नखं रंगवत होती आणि बेसमेंटभर तो वास पसरला होता.

"लिही," सर म्हणाले. "सातव्या थरातील या मुठीवरून असे निःसंशय दिसते की..."

मी टाइप केलं नाही.

"लिहिलंस?"

"अनन्या, जरा वर जातेस? मला आजोबांशी बोलायचंय."

"ॲम आय इन ट्रबल?"

"नाही. मी आहे."

ती बाटली घेऊन वर गेली. मी सरांना सांगितलं. शेळी, चिठ्ठ्या, नखं, लहान दिसणारा ढीग. मावशी म्हणाल्या ते, आणि मी म्हणाले ते. वेअरहाउसमध्ये चुकीचा रिपोर्ट देते तशा आवाजात सांगितलं. दुसरा आवाज लावला असता तर पुढे जाता आलं नसतं. मला वाटलं होतं, सर ओरडतील. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं आयुष्य मी तीन मिनिटांत खणून बाहेर टाकत होते.

ते ओरडले नाहीत. त्यांनी प्रश्न विचारले. दोनच ढीग मिसळले का? तिसऱ्यात काही गेलं? किती खापरं असतील? त्या दिवशीच्या नोंदी वहीत कुठून कुठपर्यंत? मी पान काढून आकडे सांगितले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मी त्या संध्याकाळी आळं बघायला गेलो होतो," ते म्हणाले.

मला कळलं नाही.

"लिंबाचं आळं. बाई बादल्या ओतायच्या तिथे. तुम्ही सगळे गेल्यावर. त्या दिवशी सकाळी काय काय धुतलं होतं, ते पट्टे होते ना तिथे. काळा होता, त्यावर पिवळा होता. पिवळ्याच्या कडेला काळी वाळू चमकत होती. मुठीची, घासताना निघालेली."

"मग, सर?"

"मग काय. वरून दोन बादल्या पाणी ओतलं."



"मला ती हवी होती," सर म्हणाले. "बाईला टोपलीवर का घातलं असं वाटतं तुला? तुझ्या म्हणण्यावरून? मुली, तू सतरा वर्षांची होतीस, तुझ्या म्हणण्यावर मी कुत्रं हाकललं नसतं. ती बाई रोज माझ्यासमोर बसली असती. म्हणून."

यानं माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. मावशींचं म्हणणं दोघांनी ऐकलं होतं, दोघांना ते खरं आहे हे माहीत होतं, आणि मधे वाक्य होतं ते माझंच. सरांना दार हवं होतं, ते मी उघडून दिलं.

"प्रकरण काढू का?" मी विचारलं.

"मूठ राहू दे. ती रोमन आहेच. थर काढ. वहीत आणि रिपोर्टमध्ये, दोन्हीकडे. लिही की हा ढीग मिसळला होता. कुणाच्या हातून, ते लिही."

"लिहिते."

"आणि माझं आळ्याचं लिही."

मी लिहिलं. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा त्यांनी एक विशेषण काढायला लावलं, स्वतःच्या बाजूचं.

"आता पुढे. खापरे धुणाऱ्या कामगार यांनी त्याच दिवशी आक्षेप घेतला होता व तो बरोबर होता. नाव घाल. काय नाव त्यांचं?"

"कोंडाबाई."

"पूर्ण?"

मला माहीत नव्हतं. कित्येक आठवडे मी त्यांच्यापासून पाच हातांवर बसले होते. त्यांच्या फडक्यातली भाकरी खाल्ली होती. वहीत शेकडो खापरांची माहिती होती, धुणाऱ्या बाईची कुठेच नव्हती. सरांनाही माहीत नव्हतं.

मिल्टनला सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे गावाकडे रात्रीचं जेवण व्हायची वेळ. मी वहिनीला फोन लावला. कोंडाबाई आहेत का अजून, म्हणून विचारलं. "आहेत की," वहिनी म्हणाली. "खाटेवरच असतात. ऐकायला चांगलं येतं. थांबा, पोराच्या गाडीवर जाऊन फोन देते." वीस मिनिटांनी तिचा फोन आला. मी स्पीकर लावून टेबलावर ठेवला. सर पुढे वाकले.

"मावशी, मी मास्तरांची मुलगी."

"व्हय का. कॅनडात असती न्हवं तू? बर्फ पडतंय म्हणं."

"पडतं. मावशी, खापरांचं काम आठवतं का?"

"टोपल्या वाहिल्या की. गुडघं गेलं त्यातच."

"त्याच्या आधी. धुण्याचं. एक मूठ निघाली होती बघा, जोडदांड्यांची. तुम्ही म्हणालात पिवळ्यातली आहे..."

मावशी म्हणाल्या, "आता ध्येनात न्हाई बाय. लई खापरं धुतली." आणि मग, "पर म्या म्हणली आसंल तर पिवळ्यातलीच आसंल."

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मराठीत जितकं सरळ सांगता येतं तितकं. त्यांनी मधे हूं केलं नाही. माफ करा असं मी म्हणाले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं," आणि त्या 'बरं'चा अर्थ काय ते मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नव्हता.

"पूर्ण नाव सांगा मावशी. पुस्तकात घालायचंय."

"कोंडाबाई माने."

"मधलं?"

मधलं म्हणजे नवऱ्याचं. त्यांच्या वयाच्या बायका ते घेत नाहीत, मलाही सुचायला हवं होतं. खाटेजवळून सुनेचा आवाज आला, "मी सांगते आत्या. बापूराव. कोंडाबाई बापूराव माने."

मी टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "चुकलं."

"अहो आत्या, बापूच म्हणायचे की सगळे मामांना."

"म्हणायचे. ते नाव न्हाई."

"मग मला काय ठावं? मी आले तवा मामा गेलेले. काय होतं मग?"

तिकडे कुठेतरी भांड्याचा आवाज झाला, कुत्रं भुंकलं. माझी बोटं कळांवर होती. सर अगदी फोनजवळ वाकले होते, हललेही नाहीत.

"अंबऋषी," मावशी म्हणाल्या. स्पष्ट, एकेक अक्षर ठेवत. सून काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

मी बापूराव खोडलं आणि त्या म्हणाल्या तसं लिहिलं.